शतावरीनें दूध वाढतें काय ?

शतावरीच्या लागवडीविषयीं विचारणा करणारीं पत्रें अलीकडे आमच्याकडे वारंवार येऊं लागलीं आहेत. रोपें कोठें मिळतील, एकरीं किती मुळें निघतात, पाणी किती लागतें, या नेहमींच्या प्रश्नांबरोबर आतां एक नवा प्रश्न असतो. शतावरीनें बाळंतिणीचें दूध वाढतें, गाईम्हशींचें दूध वाढतें, आणि स्त्रियांच्या शरीरांतील संप्रेरकांचा समतोल राखला जातो, असें रोपें विकणाऱ्यांच्या पत्रकांत छापलेलें असतें. तें खरें समजावें काय? प्रश्न वाजवी आहे. पिकविणाऱ्यास आपला माल कशाच्या जोरावर खपतो हें ठाऊक असलें पाहिजे. ज्या दिवशीं तो जोर पोकळ ठरतो त्या दिवशीं व्यापारी दुसऱ्या मालाकडे वळतो, आणि दीड दोन वर्षें जमीन अडकवून बसलेला शेतकरी मागें राहतो. शिवाय हींच पत्रकें वाचून आपल्या घरांतील लेकीसुना औषधें घेतात. म्हणून या विषयावरील आमचें मत आम्ही येथें मोकळेपणानें देत आहों.

शतावरीची महती आजची नव्हे. भावप्रकाश या सोळाव्या शतकांतील ग्रंथांत ती शुक्र व स्तन्य वाढविणारी म्हणून सांगितली आहे, आणि काश्यपसंहितेंत शतपुष्पा व शतावरी या दोघींवर मिळून एक स्वतंत्र अध्याय आहे. मौज अशी कीं, चरकानें स्तन्यजनन म्हणून जीं दहा द्रव्यें एकत्र सांगितलीं त्यांत शतावरीचें नांव नाहीं. तेथें वाळा, साळ, साठी, दर्भ, कुश, कास अशा तृणवर्गांतील वनस्पतींचीं मुळें आहेत. साळीचें मूळ कोंकणांतील प्रत्येक खाचरांत फुकट मिळतें, पण त्याचा कल्प करून कोणी विकल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं. यावरून शतावरी खोटी ठरते असें मुळींच नाहीं. मात्र "शास्त्रांत सांगितलें आहे" एवढें म्हणून जे थांबतात, त्यांनीं शास्त्र उघडून पाहिलेलें असतेंच असें नाहीं, एवढें खास. परंपरेची साक्ष आम्ही हलकी मानीत नाहीं. ज्या वनस्पतीस शेंकडों वर्षें घरोघरच्या वडीलधाऱ्या बायांनीं जवळ केलें, तिच्यांत कांहीं गुण असण्याचा संभव आहे, असें मानूनच तपासास आरंभ करावा. पण साक्ष घेतल्यावर उलटतपासणीहि व्हावी लागते.

ती कठीण कां जाते हें गोठ्यांतल्या माणसास सांगण्याची गरज नाहीं. गाय व्याली, चीक संपला, आणि आठव्या दिवसापासून तिला शतावरीचें चूर्ण सुरू केलें. महिन्याभरांत दूध दोन लिटरांनीं चढलें. मालक म्हणतो, औषध लागूं पडलें. परंतु चांगली गाय व्याल्यापासून सुमारें सहा ते आठ आठवडे दूध चढवीतच असते. त्या काळांत तिच्या शिंगाला लाल दोरा बांधला असता तरी दूध चढलेंच असतें. उलट, दूध उतरूं लागल्यावर चूर्ण दिलें आणि उतार थांबला नाहीं, तर मालक चूर्ण निकस होतें म्हणतो. अशा रीतीनें औषध कधीं हरतच नाहीं. दुसरी गोष्ट खुराकाची. ज्या घरीं गाईस आठवणीनें चूर्ण दिलें जातें, त्या घरीं तिला पेंड व हिरवा चाराहि आठवणीनें मिळतो. शरीरपोषणाच्या खुराकाशिवाय गाईस दर अडीच लिटर दुधामागें व म्हशीस दर दोन लिटर दुधामागें एक किलो आंबोण द्यावें, हा साधा नियम पुष्कळ गोठ्यांत पाळला जात नाहीं. तो पाळला तर दूध वाढतें, आणि श्रेय मात्र पुडीस मिळतें.

बाळंतिणीचेंहि असेंच. प्रसूतीनंतर दोन चार दिवसांत दूध उतरतें आणि पुढें बाळ जसजसें ओढूं लागतें तसतसें वाढतें. त्याच सुमारास तिला शतावरीचा कल्प दुधांतून दिला जातो. हा कल्प म्हणजे बव्हंशीं साखर. शतावरीचा अंश त्यांत थोडा. त्याबरोबर पेलाभर दूध, तूप, डिंकाचा व अळिवाचा लाडू, आणि सर्वांत मोठें औषध म्हणजे चाळीस दिवसांची विश्रांति. ज्या सुनेस एरवीं पहाटे चारापाण्यास उठावें लागतें तिला या दिवसांत निजूं दिलें जातें. हें सर्व एकत्र आल्यावर त्यांतील शतावरीचा वांटा किती, हें नुसत्या डोळ्यांनीं कोण सांगूं शकेल ?

तो वांटा वेगळा काढण्याचे प्रयत्न मात्र झालेले आहेत, आणि ते आपल्याच देशांत झाले आहेत. १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या माद्यांस शतावरीचा मद्यार्कांतील अर्क दिला असतां त्यांच्या स्तनग्रंथींची वाढ झालेली दिसली. पुढच्याच वर्षीं, १९६९ मध्यें, म्हशींस शतावरी दिल्यानें दूध वाढल्याचा एक लेख भारतीय पशुवैद्यकाच्या मासिकांत आला. एवढ्यावर कोणासहि उत्साह वाटावा. परंतु उंदीर हा उंदीर आहे, आणि म्हशींवरील तो प्रयोग लहान होता. त्यानंतर अर्धशतक लोटलें तरी मोठ्या प्रमाणावर, पक्क्या पद्धतीनें तो कोणीं सिद्ध करून दाखविला असें म्हणतां येत नाहीं. दूध हा ज्या देशाचा एवढा मोठा धंदा, त्या देशांत हा प्रश्न पन्नास वर्षें अर्धवट पडून राहावा याचें आम्हांस नवल वाटतें, आणि थोडी शरमहि.

स्त्रियांवरील प्रयोगांत दोन विशेष सांगण्याजोगे आहेत. पहिला १९९६ सालचा, "इंडियन पीडियाट्रिक्स" या मासिकांत आलेला. दूध अपुरें येतें अशी तक्रार असलेल्या ६४ माता घेतल्या. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडले. एका गटास शतावरीचें औषध व दुसऱ्यास तसेंच दिसणारें निर्गुण द्रव्य चार आठवडे दिलें. कोणास काय मिळतें हें आईसहि ठाऊक नाहीं आणि देणाऱ्यासहि नाहीं. शेवटीं पाहतां रक्तांतील प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध उत्पन्न करविणारें संप्रेरक, बाळाचें वजन आणि त्यास वरचें दूध किती लागलें, या कशांतहि दोन गटांत फरक आढळला नाहीं. दुसरा प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ६० माता होत्या, मुदत तीस दिवसांची, आणि पद्धति तीच. तेथें मात्र शतावरी घेणाऱ्या गटांत प्रोलॅक्टिन सरासरीनें शेंकडा ३२.८७ वाढलें, तर दुसऱ्या गटांत शेंकडा ९.५६, बाळांच्या वजनांतहि शतावरीच्या बाजूस अधिक वाढ दिसली.

पत्रकें छापणारे दुसऱ्या प्रयोगाचा आंकडा ठळक अक्षरांत देतात आणि पहिल्याचें नांवहि काढीत नाहींत. आमच्या मतें हा अप्रामाणिकपणा आहे. त्याचप्रमाणें, शतावरीची टर उडविणारे कांहीं डॉक्टर फक्त पहिला सांगतात, तेहि त्याच माळेचे मणी. दोन्ही प्रयोग लहान आहेत. एकाच वाफ्यांत दोन जातींचें बीं पेरून एका हंगामावरून निकाल देणारा कृषिपदवीधर आपण मानीत नाहीं. मग साठ साठ मातांवरून कोट्यवधि मातांचा निकाल कसा द्यावा? २०२० सालीं कॉक्रेन या संस्थेनें दूध वाढविणाऱ्या तोंडानें घेण्याच्या सर्व औषधांवरील ४१ प्रयोग व त्यांतील ३,००५ माता एकत्र घेऊन आढावा काढला. मेथी, बडीशेप, शेवगा, आलें, यांच्याबरोबर शतावरीहि त्यांत होती. निष्कर्ष असा निघाला कीं, वनस्पतींच्या औषधांनीं कांहीं लाभ होत असेलहि, पण पुरावा इतका कच्चा आहे कीं लाभ किती हें सांगतां येत नाहीं. आमचेंहि मत याहून निराळें नाहीं. शतावरीचा दावा खोटा ठरलेला नाहीं व खराहि ठरलेला नाहीं, आणि जो कोणी यापेक्षां अधिक ठामपणें बोलतो तो कांहीं तरी विकत असला पाहिजे.

येथें प्रोलॅक्टिनविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण सर्व पत्रकांचा डोलारा याच एका शब्दावर उभा आहे. मेंदूच्या तळाशीं असलेल्या वाटाण्याएवढ्या पोष ग्रंथींतून हें संप्रेरक निघतें. बाळ ओढूं लागलें कीं तें वाढतें आणि स्तनांस दूध करण्याची आज्ञा देतें. पण दूध एकदां नीट चालू झाल्यावर किती दूध व्हावें हें मुख्यतः स्तन किती रिकामा होतो यावर ठरतें. भरून राहिलेला स्तन आपण होऊन काम मंद करतो. म्हणून रक्तांत प्रोलॅक्टिन वाढलें म्हणजे दूध त्याच मानानें वाढलेंच, असें होत नाहीं. ज्या बाळंतिणीस दूध कमी आहे तिनें बाळास वरचेवर, रात्रींहि, दोन्ही बाजूंनीं घ्यावें, बाळ नीट धरतें कीं नाहीं हें जाणत्या परिचारिकेकडून पाहून घ्यावें. याचा पुरावा कोणत्याहि मुळीपेक्षां बळकट आहे आणि यास पैसा पडत नाहीं. घरांत डब्यामागून डबा आणावयाचा आणि सुनेस मात्र तिसऱ्या आठवड्यांत निंदणीस पाठवावयाचें, ही रीत आम्हांस माहीत आहे. तिच्यावर शतावरीचा इलाज चालणार नाहीं.

गाईची गोष्ट तर याहून वेगळी. गाईंत दूध टिकविण्याच्या कामीं प्रोलॅक्टिनपेक्षां वाढीच्या संप्रेरकाचा अधिकार मोठा असतो. अमेरिकेंत १९९३ सालीं गाईंचें दूध वाढविण्यासाठीं ज्या टोचणीस सरकारी मान्यता मिळाली ती वाढीच्या संप्रेरकाचीच होती. तेव्हां बायकांच्या रक्तांतील प्रोलॅक्टिनचा आंकडा दाखवून गोठ्यासाठीं चूर्ण विकणें म्हणजे भाताचें खत दाखवून द्राक्षाची बाग विकण्यासारखें आहे. गाईस लाभ होत असेल तर तो गाईवरच मोजून दाखविला पाहिजे.

आतां "संप्रेरकांचा समतोल" या शब्दांकडे वळूं. यांत मुलींची अनियमित पाळी, वंध्यत्व, पाळी जातांनाचा त्रास, थायरॉइडचा विकार, हें सर्व एका पिशवींत भरलेलें असतें. वास्तविक हे विकार एकमेकांहून भिन्न. कशांत एखादें संप्रेरक कमी, कशांत जास्त, कशांत तिसराच बिघाड. कमी आणि जास्त या दोहोंवर एकच मूळ चालतें असें म्हणणारानें तें कसें चालतें हें सांगावें. उत्तर बहुधा असें मिळतें कीं, शतावरींत वनस्पतिजन्य स्त्रीसंप्रेरक आहे. शतावरीच्या मुळांत शतावरीन नांवाचीं फेंसाळ द्रव्यें आहेत, त्यांचा सांगाडा संप्रेरकांच्या सांगाड्याशीं जुळता आहे, हें खरें. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनज्ञानें गेल्या शतकाच्या चाळिशींत मेक्सिकोंतील रानकंदांतील अशाच एका द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन हें संप्रेरक तयार केलें, हेंहि खरें. पण तें त्यानें प्रयोगशाळेंतील भांड्यांत, तीव्र रसायनांच्या साह्यानें केलें. मनुष्याच्या पोटांत ती भट्टी नाहीं. उसापासून साखर होते म्हणून ऊस खाणाऱ्या बैलाच्या पोटांतून साखरेची गोणी निघत नाहीं.

या दाव्यांत धोकाहि आहे. थायरॉइड मंद असलेल्या बाईनें डॉक्टरनें दिलेली रोजची गोळी सोडून चूर्ण धरलें, तर तिचें नुकसान मुक्यानें होत राहतें. ती नुसती थकलेली दिसते आणि घरचे म्हणतात आळशी झाली. गरोदरपणीं तर आणखी जपलें पाहिजे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगांत गाभण उंदरांच्या माद्यांस शतावरीच्या मुळांचा मिथेनॉलमधील अर्क दिला असतां पोटांतील पिलांत व्यंगें आढळलीं व कांहीं गर्भ विरून गेले. अर्क आणि घरगुती चूर्ण एक नव्हेत, आणि उंदीर व बाई एक नव्हेत. तरी उंदरांवरील चांगला निकाल जे पत्रकांत छापतात त्यांनीं हा वाईट निकालहि छापावयास हवा होता. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या बाईनें वैद्याडॉक्टरास विचारल्याशिवाय शतावरी घेऊं नये. आणि कायद्याचेंहि एक सांगून ठेवतों. १९५४ सालच्या औषधें व जादुटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याप्रमाणें स्त्रियांच्या पाळीचा बिघाड दुरुस्त करण्याची जाहिरात औषधासाठीं करतां येत नाहीं. आपल्या सभासदांपैकीं जे स्वतःच चूर्ण करून बाजारांत विकतात, त्यांनीं डब्यावर काय छापतों इकडे लक्ष द्यावें; छापखानेवाला दंड भरणार नाहीं.

मग शतावरी लावावी कीं नाहीं ? आमचें म्हणणें न लावण्याचें नाहीं. रानांतून ती ओरबाडली जात आहे. मुळांचा घोस काढतांना आख्खें झाड उपटलें जातें, आणि जुने रानकरी जीं दोन मुळें व गड्डा मागें ठेवीत ती रीत मोडत चालली आहे. शेतांत ती पिकली तर रान वांचेल. मागणीहि आहे, केंद्रीय आयुष मंत्रालयानें २०२५ सालीं शतावरीच्या प्रसारासाठीं खास मोहीमच काढली. पण पिकाचा स्वभाव ओळखून उतरावें. तें दीड ते दोन वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक, जमींत राहतें. पाण्याचा निचरा नसला तर मुळें कुजतात. वेलास आधार लागतो, कांटे हात फाडतात, आणि खरा खर्च काढणींत आहे. मुळें धुऊन, वाफवून, एकेका मुळाची साल काढावी लागते, मधली दोरीसारखी शीर ओढून टाकावी लागते. हें काम बायकांच्या बोटांनींच होतें. वाळल्यावर माल साधारण दहावा हिस्सा उरतो. ओल्या मुळांच्या गाड्या पाहून ज्यांनीं हिशेब मांडले ते सुकल्यावर गप्प झाले.

परत खरेदीच्या कराराविषयीं तर आम्हीं पूर्वींहि लिहिलें आहे. सफेद मुसळीच्या वेळीं, म्हणजे २००० सालच्या आगेमागें, बियाणें चढ्या भावानें विकून माल घेण्याच्या वेळीं नाहींसे झालेले लोक कित्येक सभासदांच्या आठवणींत असतील. ज्याचा नफा रोपें विकण्यांत आहे त्याला तुमच्या मुळांची गरज नसते, ही खूण ध्यानांत ठेवावी. जो खरेदीदार रोपांचा पैसा मागत नाहीं पण मालाचा नमुना मागतो, त्याच्याशीं बोलावें.

नमुन्यावरून आठवलें. बाजारांत शतावरी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालांत तिच्या भाऊबंद जातींचीं मुळें मिसळलेलीं असतात, आणि चूर्ण झाल्यावर तीं ओळखणें डोळ्यांचें काम नव्हे. आज एकाच नांवाच्या दोन डब्यांत दोन निराळ्या वनस्पति असूं शकतात. अशा मालावर प्रयोग केला तर एक प्रयोग होकार देईल व दुसरा नकार देईल, यांत नवल तें काय ? येथें शेतकऱ्याचा हात पोहोंचतो. बीं कोठून आणलें, कोणत्या शेतांत किती महिने ठेवलें, केव्हां खणलें, कसें वाळविलें, याची नोंद प्रत्येक पोत्याबरोबर ठेवणें हें कांहीं अवघड नाहीं. आणि असा ओळखीचा माल असल्याखेरीज कोणत्याहि संशोधकास खरें उत्तर मिळणार नाहीं.

आणि गोठ्यांतील प्रश्नाचें उत्तर तर आपलें आपणच काढूं शकतों. आमची सूचना अशी आहे. ज्या सभासदांकडे सहा किंवा अधिक दुभत्या गाईम्हशी आहेत, व त्यांतील व्याल्यापासून तीन ते सहा महिने झालेलीं आणि गाभण नसलेलीं जनावरें निवडतां येतात, अशांनीं या प्रयोगांत सामील व्हावें. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या जनावरांस रोज शंभर ग्रॅम चूर्ण मळलेल्या आंबोणांत तीन आठवडे द्यावें, बाकीच्यांस तितकाच गव्हाचा कोंडा. मग एक आठवडा दोहोंसहि कांहीं न देतां, पुढील तीन आठवडे अदलाबदल करावी. चारा, पेंड, धार काढणारा माणूस व वेळ यांत बदल करूं नये. दोन्ही वेळचें दूध काट्यावर वजन करून लिहावें. मापाच्या भांड्यावर विसंबूं नये. पुड्या संस्थेच्या कचेरींत एकसारख्या कागदांत बांधल्या जातील, त्यांवर फक्त आंकडा असेल, आणि कोणत्या आंकड्यांत काय आहे तो कागद प्रयोग संपेपर्यंत पशुवैद्यांच्या कुलुपांत राहील. चूर्ण एकाच शेतांतल्या, एकाच वेळीं काढलेल्या मुळांचें असेल. निकाल होकारी असो वा नकारी, आंकड्यांसह याच मासिकांत छापला जाईल. ज्यांस भाग घ्यावयाचा असेल त्यांनीं जनावरांची संख्या, जात व व्याल्याची तारीख लिहून दिवाळीपूर्वीं कळवावें.